प्रेडिक्शनची पारदर्शक पेटी घ्यावी का? वर्षभर वापरून झाल्यावर (लांबलचक आहे)

गोदाकाठचा_गारुडी (धागाकर्ता)
शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मागच्या दोन महिन्यांत चार जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच विचारलंय, ती काचेसारखी पेटी घेतलीस ना, कशी आहे, घेऊ का. प्रत्येकाला वेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथंच सगळं ओततो. चहा घेऊन बसा.

नवीन लोकांसाठी आधी प्रॉप, म्हणजे जादूच्या खेळाचं सामान, काय ते. प्रेडिक्शन म्हणजे लोक काय निवडणार ते आधीच लिहून ठेवलंय असं दाखवायचा खेळ. वीतभर लांबीरुंदीची ॲक्रिलिकची पेटी, आरपार दिसणारी, वर पितळी झाकण आणि छोटं कुलूप. आत कागदाची गुंडाळी दिसते. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी पेटी आयोजकांच्या ताब्यात द्यायची, त्यांनी ती ऑफिसात ठेवावी, देवघरात ठेवावी, फक्त उघडायची नाही. कार्यक्रमात लोकांनी शहर सांगायचं, आकडा सांगायचा, त्या दिवशीच्या पेपरची हेडलाइन वाचायची, मग कुलूप उघडून कागद काढला की तेच सगळं त्यात लिहिलेलं. यात किल्लीचं काय काम असतं ते इथं लिहीत नाही, हा विभाग लॉगिनचा असला तरी स्क्रीनशॉट फिरतात. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

सोबत फोनवरचं ॲप आणि मुठीत मावेल एवढा थर्मल प्रिंटर येतो. कंपनी बाहेरच्या देशातली, नाव लिहीत नाही. कुरिअर, ड्युटी धरून मला साडेएकवीस हजाराला पडली. घरी मी चौदा सांगितलेत, तेव्हा कृपया घरी फोन करून चौकशी करू नका.

आता मुद्द्याचं. कुठल्याही प्रेडिक्शनमध्ये कामं तीनच. समोरच्यानं काय निवडलं ते आपल्याला कळणं, ते कागदावर येणं, आणि तो कागद जिथून निघायला हवा तिथूनच निघणं. जाहिरातीत सगळं कौतुक मधल्या कामाचं असतं, बघा कसं दहा सेकंदात छापून येतं वगैरे, आणि पैसेही त्याचेच घेतात. माझं वर्षभरानंतरचं मत असं झालंय की मधलं काम सगळ्यात सोपं आहे, आपण आपटतो ते तिसऱ्यात, आणि त्याबद्दल बॉक्सवर एक ओळ नाही.

प्रिंटरपासून सुरू करतो कारण राग त्याच्यावरच आहे. इंग्रजीत चार ओळी छापायला मी फोनवर वेळ लावून बघितली, चौदा सेकंद. जाहिरातीत दहा होते, ठीक आहे, चालतं. पण मी कार्यक्रम करतो मराठीत. ॲपमध्ये "कांदा" टाइप केलं तर क, काना आणि मग हवेत लटकलेला एक अनुस्वार असं छापून आलं. "त्र्यंबकेश्वर" टाकून बघितलं आणि जे बाहेर आलं ते बघून मी प्रिंटर बंद करून पाणी प्यायलो. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं की आमचं ॲप सर्व भाषांना सपोर्ट करतं. मग एका ओळखीच्या पोरानं सांगितलं की मजकूर चित्र म्हणून पाठवा, तेव्हा कुठं जोडाक्षरं नीट आली, पण वेळ गेला बावीस सेकंदांवर. स्टेजवर बावीस सेकंद म्हणजे काय ते इथं सगळ्यांना माहीत आहे. आणि आवाज. डीजे चालू असेल तर काही नाही, पण सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे श्वास रोखून बसलेत आणि तुमच्या बॅगेतून कर्रर्र येतंय.

दुसरं, थर्मल कागद. याला शाई नसते, उष्णतेनं कागदच काळा होतो. मे महिन्यात कॉलेज रोडला गाडी उन्हात लावून जेवायला गेलो, डॅशबोर्डवर आधी छापून ठेवलेल्या तीन पट्ट्या होत्या. परत आलो तर एक राखाडी आणि दोन कोळसा. म्हणजे भविष्य काळंकुट्ट आहे एवढंच प्रेडिक्शन करता आलं असतं.

तिसरं आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं. इंदिरानगरच्या एका सोसायटीत गणपतीत पेटी पहिल्यांदा वापरली. सगळं जुळलं, टाळ्या पडल्या, कागद वाचणाऱ्या काकूंनी तो उलटसुलट केला आणि माईकवरच म्हणाल्या, "अगं बाई, हे तर किराण्याच्या बिलासारखं आहे." हॉल हसला. मीही हसलो, काय करणार. पण त्या एका वाक्यानं आठ दिवस पेटी कपाटावर होती हे सगळं पुसलं गेलं. बिल म्हटलं की मशीन आलं आणि मशीन म्हटलं की आत्ता छापलं असणार. लोक मूर्ख नाहीयेत.

त्यानंतर प्रिंटर घरी ठेवला. साधा कागद, साधा बॉलपेन, माझं वाईट अक्षर. कसं ते विचारू नका, सराव आहे. तेव्हापासून बिल कोणी म्हटलेलं नाही.

आता पेटीबद्दल चांगलं बोलतो, कारण पेटी स्वतः खरंच चांगली आहे. झाकण घट्ट बसतं, बिजागरीत खुळखुळ नाही, कुलूप ओढून बघितलं तरी हलत नाही, वरच्या दिव्याचा झगझगाट ॲक्रिलिकवर येतो पण पेटी जरा तिरकी ठेवली की जातो. कोनांचा, म्हणजे कुठून बघितलं तर युक्ती दिसेल याचा, प्रश्न फक्त डाव्या मागच्या बाजूला बसलेल्यांचा, आणि मंडपात नेमकी तिथंच पोरं बसतात. पुन्हा लावून तयार करायला पाच मिनिटं, दोन शो लागोपाठ असतील तरी जमतं.

चार ठिकाणी वापरली. सोसायटी झाली, सातपूरच्या एका कंपनीचा फॅमिली डे झाला, एक संगीत, आणि निफाड तालुक्यातल्या एका गावातलं गणेश मंडळ. गावातली गोष्ट सांगायलाच हवी. तिथं हेडलाइन कोण वाचणार, म्हणून मी लासलगावचा त्या दिवशीचा कांद्याचा भाव घेतला. पेटी आदल्या आठवड्यापासून मंडळाच्या अध्यक्षांच्या दुकानात, सगळ्या गावानं येताजाता बघितलेली. लिलावाचा भाव एकानं मोबाईलवर वाचून दाखवला, पेटी उघडली, आकडा बरोबर. मी टाळ्यांची वाट बघतोय आणि मागून एक आजोबा उठून म्हणतात, "हा सरासरी धरलाय का जास्तीत जास्त?" मी म्हटलं सरासरी. ते म्हणाले, "उन्हाळचा ना? मग लिहायला पाहिजे तसं." आणि त्यांच्या शेजारचा, "एवढं आठ दिवस आधी कळत होतं तर सांगायचं ना भो, आम्ही कांदाचाळीतून माल काढला नसता." अख्खा मंडप फुटला. हा माझा वर्षातला सगळ्यात चांगला शो. पुढच्या वेळेपासून किमान, कमाल, सरासरी तिन्ही लिहितो.

आता मी प्रॉप कसा तपासतो ते. शोच्या दुसऱ्या दिवशी आयोजकांना किंवा बघायला आलेल्या कुणाला तरी फोन करतो, आभार मानायच्या निमित्तानं, आणि सहज विचारतो काल काय झालं होतं सांगा ना, माझ्या मित्राला सांगायचंय. ते जे सांगतात तो तुमचा खरा प्रॉप. सोसायटीवाले म्हणाले "ते बिल निघालं ते". कंपनीवाल्यानं सांगितलं "पेटी आमच्या एचआरच्या टेबलवर होती आठवडाभर, ते भारी होतं". कागदावर काय होतं ते त्याला आठवत नव्हतं. गावातल्यानं कागदाचं सोडून आजोबांचंच सांगितलं.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच की साडेएकवीसातले निम्म्याहून जास्त पैसे प्रिंटर आणि ॲपचे आहेत आणि ते लोकांना आठवतच नाहीत. आठवतं ते हे की वस्तू कोणाच्या ताब्यात होती. बोला आता.

---

सिडकोकर
शनिवार, सकाळी ७:१५

जबरी लिहिलंय. माझं बजेट पाच हजार. मग काय घेऊ?

---

गोदाकाठचा_गारुडी
शनिवार, सकाळी ७:५०

पाकीट घे. दहा रुपयाला. सील करायची लाख आणि शिक्का घे, मेन रोडला मिळेल. उरलेल्या पैशात मिसळ खा आणि सराव कर.

---

टोपीतला_ससा
शनिवार, सकाळी १०:०५

दादा मान्य नाही. तू सोसायटी आणि मंडळ करतोस म्हणून तुला प्रिंटर नको झालाय. मी कॉर्पोरेट करतो, तिथं एमडीचं नाव, विमानाचा सीट नंबर, त्यांच्या प्रॉडक्टचं नाव, सगळं एका कागदावर लोगोसकट छापून आलं की लोक उभे राहतात. हातानं लिहिलेल्या चिठोऱ्याला तिथं कोण विचारतंय? आणि देवनागरीचं म्हणशील तर माझे नव्वद टक्के शो इंग्लिश-हिंदीत असतात, मला कधी त्रास झाला नाही. जगातले मोठे लोक टेक्नॉलॉजी वापरतात. ब्रिटिश जादूगार डेरेन ब्राउननं २००९ मध्ये ब्रिटनच्या लॉटरीचे आकडे लाइव्ह टीव्हीवर सांगितले, ते काय दहा रुपयाच्या पाकिटावर?

बाकी तुझं दुसऱ्या दिवशी फोन करायचं आवडलं, ते चोरणार.

---

जुना_खेळिया
शनिवार, दुपारी १:३०

ससेभाऊ, उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. ९ सप्टेंबर २००९ चा तो कार्यक्रम आठवा. चेंडू आधीपासून स्टँडवर होते, पण आकडे कॅमेऱ्याकडे नव्हते. सोडत झाली, मग चेंडू फिरवले. आधी का दाखवले नाहीत याचं कारण त्यांनी सांगितलं होतं, की निकाल जाहीर करायचा हक्क बीबीसीचा आहे म्हणून. कारण खरं असेल नसेल, दुसऱ्या दिवशी लोक काय बोलत होते? कॅमेरा कसा फिरवला, स्क्रीन कशी जोडली. चमत्काराबद्दल कमी आणि कॅमेऱ्याबद्दल जास्त. एवढा मोठा माणूस, पण वस्तू प्रेक्षकांच्या ताब्यात नव्हती म्हणून संशयाला जागा राहिली. गारुडी तेच म्हणताहेत.

माझं वय आता एकाहत्तर. आमच्या वेळी पेटी नव्हती, पोस्ट होतं. कार्यक्रमाच्या आधी आयोजकांच्या नावानं रजिस्टर पत्र पाठवायचं, वर पोस्टाचा शिक्का, तारीख, पोचपावतीवर त्यांचीच सही. ते पत्र त्यांनी स्वतः घेतलेलं, स्वतःच्या तिजोरीत ठेवलेलं. सरकारी शिक्क्याइतका मोठा साक्षीदार मी आजवर बघितला नाही. पुढचं काय ते धंद्याचं, पण लोक शिक्क्याकडे बघत बसायचे आणि मी माझं काम करून मोकळा. आता रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, एका खेळाचा कणाच गेला म्हणा ना.

आणि लिहिण्याबद्दल. कोरिंडा नावाच्या इंग्रज जादूगारानं मेंटॅलिझमच्या, म्हणजे मन ओळखायच्या खेळांच्या, ज्या तेरा पायऱ्या लिहिल्या त्यातली पहिलीच पायरी नखाला लावायच्या लेखणीची आहे. साहेब लोक त्याला स्वामी म्हणतात, आपल्याकडे कुणाला ते नाव ऐकवलं तर आधी नमस्कार करतील. तिची किंमत तुमच्या पेटीच्या शंभराव्या हिश्शाइतकी नाही. पण सराव वर्षभराचा, आणि त्यातही मराठी अक्षर लिहायचं म्हणजे शिरोरेषा. मी शिरोरेषा देतच नाही, आकडेच लिहितो. फार झालं तर एक अक्षर.

कान जपा. आकडा ऐकण्यात जेवढे खेळ पडतात तेवढे लिहिण्यात पडत नाहीत.

---

गोदाकाठचा_गारुडी
शनिवार, दुपारी २:१०

काका, कानाचं बोललात आणि जखमेवर मीठ पडलं. संगीतमध्ये तेच झालं होतं, वर मुद्दाम लिहिलं नाही. नवरीच्या मामांना म्हटलं दोन आकडी संख्या सांगा. डीजेनं आवाज कमी केला म्हणाला होता, केला नव्हता. मामा म्हणाले एकोणसाठ, मी ऐकलं एकोणपन्नास. सुरुवातीला दोन्ही सारखंच ऐकू येतं हो. पेटी उघडली, मामांनी स्वतः वाचलं, "एकोणपन्नास", आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी लग्नच मोडलं.

मी म्हटलं मामा, हे तुमचं वय आहे, एकोणसाठ कोणी म्हणेल का तुम्हाला? वाचलो. मामी सगळ्यात जोरात हसल्या. पण नशिबानं वाचलो, प्रॉपनं नाही.

---

फुगेवाली_ताई
शनिवार, दुपारी ४:४५

😂😂 मामा

माझा मुद्दा वेगळा. मी वाढदिवस करते, समोर पाच ते दहा वर्षांची वीस पोरं. एकाहत्तर, सदुसष्ट, सदतीस हे शब्द निम्म्या पोरांना कळतच नाहीत, ती सिक्स्टी सेव्हन म्हणतात आणि आजी मागून विचारते म्हणजे किती. म्हणून मी पाटी देते. खरी पाटी आणि खडू. पोरगं मोठ्ठं ६७ लिहितं, उलटं लिहितं कधी, सगळ्यांना वर करून दाखवतं. ऐकायचा प्रश्नच नाही आणि फोटोही छान येतात. गारुडी दादा, संगीतला पण पाटी न्या, मामांना खडू दिला की मामा खूश.

पेटी मात्र पोरांपुढे नको. दोन मिनिटांत कोणीतरी तिच्यावर बसतं. मी पाकीट बर्थडे बॉयच्या शर्टाच्या खिशात ठेवते सुरुवातीलाच, आणि त्याला सांगते कोणाला देऊ नको. तो पूर्ण पार्टीभर खिशावर हात ठेवून फिरतो, केक कापतानाही एकच हात वापरतो. सगळ्यांची नजर त्या खिशावर. हे साडेएकवीस हजाराला मिळतं का?

---

टोपीतला_ससा
शनिवार, संध्याकाळी ६:००

ताई एक नंबर. काका, बीबीसीचा मुद्दा पटला. पण प्रिंटरवर मी ठाम आहे, कॉर्पोरेटला चालतो. इंक असलेला छोटा प्रिंटर मिळाला तर बिलासारखा दिसणार नाही, एवढाच बदल.

---

जेलरोडवाला
शनिवार, रात्री ९:२०

मी जादूगार नाही, नातीमुळे इथं सभासद झालो. आयुष्य नाशिकरोडच्या नोटप्रेसच्या आसपास गेलं. नोटेच्या नंबराचं प्रेडिक्शन करणारे बरेच असतात म्हणून एक सांगतो. नोटेवर आधी तीन अक्षर-आकड्यांचा प्रिफिक्स असतो आणि मग सहा आकडे. २०१५ पासून आलेल्या नोटांवर ते सहा आकडे डावीकडून उजवीकडे मोठे मोठे होत जातात, प्रिफिक्स मात्र एकाच उंचीचा राहतो. खिशातली नोट काढून बघा, रोज हाताळतो पण लक्ष जात नाही. तुमच्या कागदावर आकडे तसेच चढत्या उंचीनं लिहिले तर नोट शेजारी धरल्यावर माणूस दचकेल. बाकी नोटेवर पेनानं काही लिहू नका आणि लोकांनाही लिहायला लावू नका, एवढी कृपा.

---

गोदाकाठचा_गारुडी
शनिवार, रात्री ९:४०

आजोबा!! आत्ता पाचशेची नोट काढून बघितली. चाळीस वर्षं नोटा खर्च करतोय, कधी दिसलं नाही. हातानं लिहिण्याच्या बाजूनं याहून चांगला मुद्दा मलाही सुचला नसता. दंडवत.

---

सिडकोकर
शनिवार, रात्री १०:३०

एक आयडिया. पावसाळ्यात गोदेला पूर येतो तेव्हा नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी येणार याचं प्रेडिक्शन. गुडघा, कंबर, छाती, गळा, डोक्यावरून. पाच-सहाच पर्याय, अख्ख्या नाशिकला विषय माहीत. इन्स्टाला व्हायरल होईल.

---

फुगेवाली_ताई
शनिवार, रात्री १०:४८

खेळ म्हणून चांगला आहे रे, पण माझ्या माहेरचं दुकान भांडी बाजारात आहे. मारुतीच्या गळ्याशी पाणी आलं की आम्ही रात्रभर पिंपं-पातेली वरच्या मजल्यावर चढवतो. त्या रात्री कोणी "बघा मी ओळखलं होतं" म्हणत रील टाकली तर मी स्वतः येऊन तुझी टोपी फेकीन.

---

सिडकोकर
शनिवार, रात्री १०:५१

सॉरी ताई. डोक्यातच आलं नाही. काढून टाकली आयडिया.

---

विवेकी_नाशिककर
रविवार, सकाळी ८:३०

थोडं अवांतर, पण प्रेडिक्शन करणाऱ्यांनी वाचावं. मी चमत्कारांमागचं विज्ञान दाखवणारे कार्यक्रम करतो, म्हणजे तुमचीच हत्यारं, शेवटी फक्त कसं केलं ते सांगतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नाव ऐकून लोकांना वाटतं जादूच्या प्रयोगांवर बंदी, तसं काही नाही. त्याच्या अनुसूचीत आहे ते तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं आणि त्याचा प्रसार करून लोकांना फसवणं, धाक घालणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि पाच ते पन्नास हजार दंड. तुम्ही तिकीट लावून, जादूगार म्हणून, करमणूक म्हणून करता तेव्हा काळजीचं कारण नाही. पण पेटी आठ दिवस कुणाच्या देवघरात ठेवलीत आणि वर सिद्धीबिद्धीची भाषा केलीत तर गोष्ट कुठल्या कुठं जाते. देवघराचं वाचून मी जरा थबकलो.

---

गोदाकाठचा_गारुडी
रविवार, सकाळी ९:४५

थबकलात ते बरोबरच. मीही थबकलो होतो, सांगतो का.

सातपूरच्या शोनंतर प्रॉप आवरत होतो. एक बाई आल्या, साध्या, बहुतेक तिथल्याच एका कामगाराच्या घरच्या. हातात मुलीचा फोटो. म्हणाल्या दादा, तुम्हाला आठ दिवस आधी कळतं ना, मग हिचं कधी जमेल तेवढं सांगा. मी म्हटलं ताई हा खेळ आहे, मला काही कळत नाही. त्या म्हणाल्या हो हो, मला कळतंय तुम्हाला सगळ्यांपुढे सांगता येत नाही. पाकिटातून शंभरची नोट काढली. आता काय करायचं? मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका प्रेक्षकाला खेळाचा अर्धा भाग उघडून दाखवला. हे बघा, मी कागद नंतर लिहिला. त्या बराच वेळ पेटीकडे बघत राहिल्या. मग जरा रागावूनच म्हणाल्या, "मग एवढं खोटं कशाला बोललात स्टेजवर?" आणि गेल्या.

त्या दिवसापासून सुरुवातीलाच सांगतो की पुढची चाळीस मिनिटं मी तुम्हाला फसवणार आहे आणि त्याचे पैसे मंडळानं दिलेत. टाळ्या कमी होत नाहीत, उलट लोक सावरून बसतात. देवघर मात्र बंद. दुकान, ऑफिस, शाळेचं कपाट, बास.

---

जुना_खेळिया
रविवार, सकाळी १०:२०

चांगलं केलंत. उघडून दाखवलंत म्हणून मी तरी तुम्हाला दोष देणार नाही, आणि माझ्या पिढीतला माणूस हे म्हणतोय.

अवांतरात अवांतर, आपण नाशिकचे म्हणून. त्र्यंबकला १८७० साली जन्मलेले आणि इथंच नाशकात १९४४ मध्ये गेलेले दादासाहेब फाळके सिनेमाआधी जादूचे प्रयोग करायचे. स्टेजवरचं नाव प्रोफेसर केळफा. फाळके उलटं वाचा. पांडवलेणीखालच्या त्यांच्या स्मारकात लोक सहलीला जातात, त्यांच्यात एक जादूगार होता हे किती जणांना ठाऊक असतं कोण जाणे. गारुडी, तुम्ही नाव उलटं करून बघा, जमतंय का.

---

गोदाकाठचा_गारुडी
रविवार, सकाळी १०:२५

डीरुगा. नको काका.

तर ज्यांना पेटी स्वतः हाताळून बघायची आहे त्यांनी आज संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे या, पत्ता व्यनित. ससा, तू तुझा पेपर घेऊन ये, माझ्या घरातला नको.

---

टोपीतला_ससा
रविवार, रात्री ९:५०

जाऊन आलो. पेपर मीच नाशिकरोड स्टेशनवर घेतला, वाटेत उघडला नाही. किल्ली पूर्ण वेळ फुगेवाली ताईंकडे होती. आधी प्रिंटरवर करायला लावलं, मला दिसलं. म्हणजे काय दिसलं ते नाही, पण त्या बावीस सेकंदांत दादा पाच वाक्यं उगाच बोलला, त्यातली दोन हवामानाबद्दल. मग हातानं केलं. सरळ सांगतो, पकडता आलं नाही, आणि मी डाव्या मागच्या बाजूलाच बसलो होतो. काकूंचे पोहे उत्तम.

कॉर्पोरेटला तरी मी प्रिंटरच नेणार. पण पाटी पण नेणार.

---

गोदाकाठचा_गारुडी
सोमवार, सकाळी ८:१०

नियमाप्रमाणे आज सकाळी दुसऱ्या दिवशीचा प्रश्न विचारला. आईला. ती काल पोहे द्यायला आली तेव्हा दारात उभी राहून शेवट बघत होती. विचारलं काल काय झालं सांग ना.

म्हणाली, "तुझा तो मित्र पेपर घेऊन आला, त्या मुलीकडे किल्ली होती, आणि तू पेटीला शेवटपर्यंत हातसुद्धा लावला नाहीस."

हात दोनदा लावला होता, तिच्यासमोर.

प्रिंटर विकायचा आहे, चार्जर आणि सहा कोरे रोल सोबत. इच्छुकांनी व्यनि करा. किराणा दुकान असेल तर बिलं सुरेख येतात, फक्त माल इंग्रजीत लिहा.